फुटामागं एक सूत

2019 च्या मे महिन्यातली दुपार. ऊन असं की कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतली कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला सावली धरून पडलेली. दारात छोटा हत्ती येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं सीटवरूनच हाळी दिली, "ताई, जळण कुठं उतरायचं?"

मी चपला घालून बाहेर येईपर्यंत माझे वडील, आबा, फाळक्यापाशी पोचले होते. त्यांनी एक लाकूड बाहेर ओढलं, उलटं केलं, अंगठ्यानं धूळ पुसली, परत आत ठेवलं. दुसरं काढलं. टेम्पोत लाल, पिवळ्या, काळ्या रंगांचे कसले कसले आकार होते. चाकं, अर्धी चाकं, गोगलगाईसारखी वळत गेलेली कवचं, मध्येच कंबर बारीक झालेली नळकांडी, कुणाच्या तरी जबड्याची आठवण करून देणारे ब्रॅकेट.

"किलोवर घेतलीस?"

"हो."

"काय भावानं?"

सांगितला.

"म्हंजे जळणाचाच की," ते म्हणाले, आणि आत जाऊन पंख्याखाली बसले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

आबा पॅटर्न मेस्त्री. शिवाजी उद्यमनगरात या ना त्या शेडमध्ये त्यांनी सदतीस वर्षं काढली. ज्या फाउंड्रीनं जुन्या पॅटर्नची खोली रिकामी करायला काढली होती, तिथंही त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. आता पॅटर्न ॲल्युमिनियमचे होतात, रेझिनचे होतात, थर्माकोलचेही होतात, मशीनवर आकडे भरले की आकार बाहेर पडतो. लाकडाचे कुजतात, जागा खातात. कुणाच्या तरी बंबात जायचे ते माझ्या दारात आले, एवढंच.

कोल्हापुरात राहून पॅटर्न माहीत नसणारी माणसंही आता पुष्कळ आहेत, म्हणून थोडं सांगते. बिडाची एखादी वस्तू ओतायची, म्हणजे पंपाचं कवच म्हणा, ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील म्हणा, तर आधी तोच आकार लाकडात घडवायचा. तो पेटीत ठेवून भोवती वाळू ठासायची. मग लाकूड हळूच उपसून घ्यायचं. वाळूत जी पोकळी राहील तिच्यात वितळलेलं बीड सोडायचं. बीड गार झालं की वाळू फोडायची आणि वस्तू काढून घ्यायची. लाकूड परत फळीवर. म्हणजे मेस्त्रीनं पंधरा दिवस मान मोडून केलेलं काम हे शेवटी एका भोकासाठी असतं. इंजिन सांगली-सोलापूरच्या विहिरीवर जातं, त्यावर कंपनीचं नाव असतं. पॅटर्नवर मेस्त्रीचं नाव नसतं, पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव आणि नंबर असतो.

बरं, तोच आकार लाकडात घडवायचा असं मी म्हटलं, ते खरं नाही. बीड गार होताना आकसतं. फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोलाद असेल तर दोन सूत. तेवढं लाकूड आधीच मोठं ठेवावं लागतं. दर वेळी गुणाकार कोण करणार, म्हणून मेस्त्रीकडं एक वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. चौथीत असताना माझी फूटपट्टी हरवली तेव्हा मी आबांच्या पेटीतली ती पट्टी दप्तरात टाकून शाळेत नेली. तिच्या दुसऱ्या कडेला सेंटिमीटरही होते. बाईंनी दहा सेंटिमीटरची रेघ मारायला सांगितली, मी मारली, बाईंनी आपल्या पट्टीनं मोजली आणि एक मिलीमीटर जास्त भरली. पुन्हा मारली, पुन्हा जास्त. हातावर छडी बसली. घरी आल्यावर आबा हसून हसून बेजार झाले. "तुझी रेघ गार झाली असती की बरोबर आली असती," म्हणाले. मला त्या वयात विनोद कळला नाही, फक्त छडी लक्षात राहिली.

आणखी दोन गोष्टी. लाकूड वाळूतून सुटून यावं म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवतात, त्याला टेपर म्हणतात. आणि आतला कोपरा कधी काटकोनात सोडत नाहीत. तिथं मेण किंवा चामड्याची पट्टी भरून गोलाई देतात, नाहीतर ओतलेला माल बरोबर त्याच कोपऱ्यात तडकतो. त्यामुळं पॅटर्नला एक विचित्र मऊपणा असतो. सगळीकडून थोडा कललेला, सगळ्या कोपऱ्यांत थोडा वितळलेला. यातला एकही उतार कुणी दिसायला छान म्हणून दिलेला नाही. मला लहानपणापासून ही लाकडं देखणी का वाटायची, ते समजायला पन्नाशी उलटावी लागली.

त्या टेम्पोच्या आधीही मी बारा-तेरा वर्षं असली कामं करत होते. ऑफिसात दिवसभर हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी गच्चीवर बसून मोडक्या वस्तू जोडायच्या. सुरुवात 'टाकाऊतून टिकाऊ'नं झाली, आणि त्याबद्दल मला एकदा मोकळेपणानं बोलायचंच आहे. हे शब्द शाळांच्या प्रदर्शनांनी, महिला मंडळांच्या स्पर्धांनी इतके झिजवलेत की आता त्यांचा अर्थ एकच उरलाय: बाटलीला पुट्टी फासा, वर सोनेरी स्प्रे मारा, आरसे चिकटवा. बाटली बाटलीसारखी दिसता कामा नये ही पहिली अट. आणि टिकाऊ तर त्यातलं काहीच नसतं. पुढच्या पावसाळ्यात पुट्टीला पोपडे येतात आणि ते सगळं, आता बाटलीवाला भंगारवालाही घेणार नाही अशा अवस्थेत, कचऱ्याच्या घंटागाडीत जातं. मी हे नाक वर करून बोलत नाही. मीही सायकलच्या चेन, स्पार्क प्लग आणि लेथवरच्या कुरळ्या चिप जोडून एक घोडा केला होता आणि त्याला वरपासून खालपर्यंत सोनेरी रंग मारला होता. त्याला बक्षीसही मिळालं. तो घोडा दोन वर्षं टीव्हीवर उभा होता आणि आबांनी एकदाही त्याच्याकडं निरखून बघितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "रंगाखाली काय हाय ते दिसत न्हाई, मग बघायचं काय?"

खरं तर आमच्या घरात हे काम आईच्या हातात जास्त चांगलं होतं, फक्त तिला ते काम वाटायचं नाही. गौरी आणायच्या दिवशी ती स्वयंपाकघर रिकामं करायची. खाली तांदळाचा पत्र्याचा डबा, त्यावर स्टीलचा पिठाचा डबा, त्यावर कळशी उलटी, कळशीच्या बुडावर तांब्या, तांब्यावर मुखवटा. खांद्यांना लाटणं आडवं बांधायचं. मग साडी. निऱ्या घालताना ती दोन पिना तोंडात धरून बोलायची, त्यामुळं ती काय म्हणते हे कुणालाच कळायचं नाही. तासाभरानं तिथं एक बाई उभी असायची, पोटात आठ किलो तांदूळ घेतलेली. डबा भरलेला का, तर वर वजन आलं तरी खालचा हलू नये म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं तिला गुरुत्वमध्य. तिसऱ्या दिवशी विसर्जनानंतर बाई नाहीशी व्हायची आणि संध्याकाळी त्याच तांब्यानं आम्ही पाणी प्यायचो. त्यातली कुठलीही वस्तू टाकाऊ नव्हती. काही चिकटवलं नव्हतं, काही कापलं नव्हतं, रंग कशालाच नव्हता. तरी ती पूर्ण होती.

अंबाबाईच्या देवळात नवरात्रात रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात, त्याकडंही मी हल्ली त्या नजरेनं बघायला लागलेय. रांगेत मागचे लोक ढकलतात, ते सोडा.

ऑगस्टमध्ये पूर आला. कोल्हापुरात पूर फुटांत सांगतात, राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत. 39 झाले की इशारा, 43 ला धोका. त्या वेळी पाणी 55 च्या पुढं गेलं. पंचगंगेचं पाणी नाल्यातून उलटं मागं येतं आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरतं, हे आम्हाला नवीन नव्हतं; पण इतकं कुणी पाहिलं नव्हतं. गणपतीच्या तोंडावर कुंभारांच्या मूर्ती पाण्यात गेल्या. आम्ही आबांना घेऊन राजारामपुरीत मावशीकडं गेलो. आठवडाभरानं परत आलो तेव्हा तळमजल्याच्या खोलीत, जिथं मी पॅटर्न रचून ठेवले होते, तिथं भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती आणि लाकडं वाटेल तिथं होती. लाकूड तरंगतं. माझे काही पॅटर्न टेबलावर जाऊन बसले होते, एक फ्लायव्हील खिडकीच्या गजात अडकलं होतं.

मी रडले वगैरे नाही. चिखल काढता काढता रडायला वेळ नसतो. पण गच्चीवर उन्हात वाळत घातल्यावर एकेकाचे सांधे सुटायला लागले, रंगाचे पापुद्रे निघाले, आणि तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. मोठं फ्लायव्हील उचलायला गेले तर माझ्या हातात त्याचा फक्त एक तुकडा आला. केळ्यासारखा वाकडा, सागवानी, दीड वीत लांब.

तोवर मी समजत होते की चाक म्हणजे एका जाड फळीतून कातलेलं असणार. तसं नव्हतंच ते. सहा वाकड्या तुकड्यांचं एक कडं, त्यावर दुसरं कडं, त्यावर तिसरं. प्रत्येक थराचा सांधा खालच्या थराच्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर, भिंतीत विटा लावतात तसा. प्रत्येक तुकड्याची नस त्याच्या वळणाबरोबर जाणारी. एका फळीचं केलं असतं तर ती एका बाजूला सुकून चाक लंबगोल झालं असतं; अठरा तुकडे मात्र एकमेकांना ओढून धरतात आणि गोल गोल राहतो. वर लाल रंगाचा हात, त्यामुळं हे कधी कुणाला दिसलंच नव्हतं. दिसायचं कारणही नव्हतं.

आणि एका तुकड्याच्या आतल्या अंगावर, जिथं सरस लावून दुसरा तुकडा बसवलेला होता, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "बुध. उचल 15". खाली एक रेघ, तिच्याखाली "बाकी 40". पेन्सिल पुरात जात नाही. अक्षर आबांचं.

मी खाली जाऊन दाखवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं. "ते पंधरा मिळालंच न्हाईत," म्हणाले.

त्यानंतर माझं काम बदललं. एकदम नाही, पण बदललं. मी ठरवलं की यातलं काही कापायचं नाही आणि कशाला रंग लावायचा नाही. जे आहे ते आहे त्या मापात घ्यायचं. जोडायचं तर शक्यतो त्याच भोकांतून, जिथं पॅटर्नचे दोन अर्धे भाग एकमेकांवर बसवायला खुंट्या होत्या. हा नियम मला फार महागात पडला. कापायची मुभा असली की कुठलाही आकार कशालाही बसतो. नसली की एक खांदा सापडायला चार महिने जातात. गच्चीवर मी लाकडं मांडून बसायचे, एकावर एक ठेवून बघायचे, ओळंबा सोडून भार कुठं पडतो ते बघायचे, आणि पडलं की खालच्या काकू ओरडायच्या. एका बाजूला दीड किलो जास्त झालं तर दुसऱ्या बाजूला काय टांगता येईल? काही टांगायचं नसेल तर पाय किती बाहेर काढावा लागेल? एम-सील, अरल्डाइट, फेविकॉल हे सगळं जवळ असतं, पण चिकटवणारा पदार्थ जिथं भार पेलतो तिथं काम फसलेलं असतं, हे मी माझ्या सोनेरी घोड्यावरून शिकले होते. त्याचा पाय तीनदा निखळला.

या नादात मी जगातल्या लोकांनी असल्या वस्तूंचं काय केलंय ते वाचायला लागले, आणि संध्याकाळी चहा पिताना आबांना सांगायला लागले. त्यांना सांगणं हा एक वेगळाच अनुभव. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंतानं 1913 साली एका स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं, असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "फिरत होतं का?" फिरत होतं म्हटल्यावर म्हणाले, "मग बेअरिंग बरं असंल." विषय संपला.

चंडीगढच्या नेकचंदबद्दल मात्र त्यांनी तीनदा ऐकून घेतलं. हा माणूस सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारा निरीक्षक. नवीन शहर वसवताना जुनी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, तुटके विजेचे सॉकेट तो सायकलवरून जंगलात नेऊन साठवत राहिला आणि रात्री त्यातून माणसं, जनावरं, अंगणं घडवत राहिला. सरकारी जागेवर, परवानगीशिवाय. बऱ्याच वर्षांनी हे उघडकीला आलं तेव्हा पाडायची भाषा झाली. पण शेवटी 1976 साली ती बाग लोकांना खुली केली गेली. मी तिथं एकदा जाऊन आले आहे. बांगड्यांच्या बायकांची एक रांग आहे, सगळ्या अंगभर काच. समोर उभी राहिल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर या बांगड्या कुणाच्या हातात होत्या. एकीच्याही हातात नसतील, दुकानातच फुटल्या असतील, असंही असेल. पण बांगडी फुटकी असली तरी तिला मनगटाचं माप असतं, त्या मापातून ती सुटत नाही.

आबांना त्यातलं काय आवडलं? "नोकरी न सोडता केलं," ते म्हणाले.

आणि मग पिकासो. 1942 साली त्यानं सायकलची जुनी सीट घेतली, तिच्यावर हँडल बसवलं, झालं बैलाचं तोंड. हँडल म्हणजे शिंगं, सीट म्हणजे लांबट मुस्कट. बाकी काही नाही. फोटो दाखवला. आबांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. त्यांना पटलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला बैलाचं तोंड दाखवावं लागत नाही. दोन वाकड्या रेघा पुरतात, तो मागचा बैल आपला आपण आणतो. मग मी सांगितलं की नंतर त्यानं ते ब्राँझमध्ये ओतून घेतलं.

"ओतलं?" आबा ताठ बसले. "मग श्रिंकेज किती धरलं?"

मी म्हटलं, धरलं नसेल, जशी होती तशीच सीट साच्यात घातली असणार.

"म्हंजे सीट बारकी झाली."

"थोडी झाली असेल."

"थोडी न्हवं. आता त्यावर कुणाला बसता यायचं न्हाई." आणि पुढं, चहाचा कप खाली ठेवून, "ती सीट कुणी केलीती?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. कुणाचजवळ नसेल. इतक्या पुस्तकांत त्या बैलाबद्दल लिहिलंय, पण कुठल्या कारखान्यात कुणी ते चामडं ताणून बसवलं, नाकाशी निमुळतं आणि मागं रुंद का केलं, हे कोण विचारणार? ते निमुळतं होतं म्हणून बैल दिसला. या कलेला 'सापडलेल्या वस्तूंची कला' म्हणतात आणि मला तो शब्द त्या संध्याकाळपासून खटकायला लागला. सापडतं ते करवंद, सापडतो तो नदीतला गोटा. बाकी सगळं कुणीतरी केलेलं असतं, माप घेऊन, पगारासाठी, कधीकधी पगार न मिळताही. मी ते उचलते आणि माझं नाव घालते. याचा मला अजून नीट निवाडा करता आलेला नाही. उचलू नये असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं केलं त्याला समोर बसवून उचलणं फार अवघड असतं, एवढं मी अनुभवानं सांगते.

आमच्या गावाला हे नवीन आहे असंही नाही. बाबूराव पेंटरांचं आडनाव मुळात मेस्त्री. विलायती कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती, तर त्यांनी आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या यंत्रणेवरून आपला आपण कॅमेरा करायला घेतला. आनंदराव 1916 साली गेले, काम थांबलं. पुढं विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी ते पुरं केलं आणि 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट आला. चित्र टाकणाऱ्या यंत्रातून चित्र घेणारं यंत्र. उद्यमनगरातली आबांच्या पिढीची माणसं ही गोष्ट पुराणासारखी सांगायची. शेडमध्ये दुपारच्या सुट्टीत उरल्यासुरल्या लाकडातून, पत्र्यातून काहीबाही करायची त्यांनाही सवय होती. पोळपाट, पोरांना भोवरे, मोपेडचा स्टँड. त्याला 'घरचं काम' म्हणायचे. मालक डोळेझाक करायचा. घरच्या कामाला नंबर नसायचा, पार्टी नसायची. माझा पहिला भोवरा तसाच आला होता, इतका नेमका तोललेला की एका जागी झोपायचा.

बैलाकडं मी पिकासोमुळं वळले असं कुणाला वाटेल, पण ते तसं नाही. आमच्याकडं बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल आणतात. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांनी मातीची जोडी पुजायची, पोळीचा तुकडा तोंडाला लावायचा. आमच्या दारात जनावर कधीच नव्हतं. पूर येऊन गेल्यानंतरच्या वर्षी करोनात सगळं बंद, बाजारात जायचं नाही, तेव्हा आई म्हणाली होती, "यंदा लाकडाचा कर की." ती साधं बोलली होती. मला तो बैल करायला चार वर्षं लागली. आई तोवर गेली.

वशिंड आधी मिळालं. पंपाच्या कवचाचा अर्धा पॅटर्न, तो गोगलगाईचा आकार, ज्यात पाणी फिरत फिरत बाहेर पडतं. तो पाठीवर पालथा घातला की वशिंड असं काही उचलून येतं की खाली बैल असलाच पाहिजे. छातीला फ्लायव्हीलचं अर्धं चाक, आरे दिसतात तसेच ठेवले, फासळ्यांसारखे. मान म्हणून एक जाड ब्रॅकेट. तोंडाला मी काहीच लावलं नव्हतं. शिंगं पाइपच्या बेंडच्या दोन पॅटर्नची, एक लहान आणि एक मोठं, कारण तसेच होते. पाय चार मिळाले नाहीत. तीन मिळाले. चौथ्या बाजूला पोट सरळ खाली टेकवलं, म्हणजे बसायला लागलेला किंवा उठायला लागलेला बैल. दोन्हींतलं काय ते मलाही सांगता येत नाही. ते फुटलेलं फ्लायव्हील मी जोडलं नाही. त्याचे सुटलेले सहा वाकडे तुकडे मानेखाली लोळीसारखे टांगले. उचलीचा तुकडा त्यांत आहे, लिहिलेली बाजू आतल्या अंगाला.

आबा जिना चढायला कुरकुरत होते. गुडघे. बेंदराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपले आपण वर आले, हातात मोगरी. का आणली होती विचारायचं राहिलं. ते भोवती एक फेरी मारून आले, खाली वाकले, जेवढं वाकता येतं तेवढं. माझा जीव टांगणीला, कारण त्यांच्या सदतीस वर्षांतलं किती त्यात होतं ते मला नक्की सांगता आलं नसतं. त्यांना सांगता आलं असतं.

वशिंडावर हात ठेवून म्हणाले, "हे माझं न्हवं. हे दुसऱ्या मेस्त्रीचं, त्याचा हात जरा जड." मग शिंगाला हात. "हे माझं." मग मानेखाली गेले आणि ओठ मुडपून उभे राहिले.

"हितं टेपर उलटा आला की."

"कुठं?"

"मान आणि खांदा. वरनं बारीक, खालनं रुंद, आणि त्यावर परत रुंद. हे वाळूतनं निघायचं न्हाई."

"काढायचं कुठाय, आबा?"

ते माझ्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर असं काही की मी चुकीचं उत्तर दिलंय, पण नेमकं कुठं चुकलं ते त्यांनाही सापडत नाही. गच्चीच्या कठड्यापलीकडं कुंभार गल्लीत कुणीतरी बैलांना पांढरा रंग देत बसलं होतं, पत्र्यावर ओळीनं वाळत घातलेले.

मग त्यांनी बैलाला तळहातानं हलकेच ढकललं. तो मागच्या पायावर डुगडुगला. मला माहीत होतं. मी खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती, ती त्यांनी चपलेच्या टोकानं बाहेर काढली आणि पायाखालचं अंतर डोळ्यानं मापलं.

"दीड सूत," म्हणाले. "सागवानाचा तुकडा दे बारका. आणि पटाशी."

मी दिली. खाली बसता येत नव्हतं म्हणून स्टूल दिलं. हात थरथरतो त्यांचा आता, पण पटाशी लाकडाला लागली की थांबतो. पाचर तासून झाल्यावर त्यांनी ती ओठावर घासून धार बघितली, कानामागची पेन्सिल काढली आणि बैलाच्या पोटाखाली चाचपडत विचारलं, "नंबर कुठं टाकलास?"

"नाही टाकला."

"पार्टी?"

"पार्टी नाही, आबा."

"म्हंजे घरचं काम," ते म्हणाले. पेन्सिल परत कानामागं गेली. पाचर पायाखाली धरून त्यांनी मोगरीचे दोन हलके टोले घातले, पुन्हा तळहातानं ढकलून बघितलं, आणि मला म्हणाले, "तोंडाला अजून काय न्हाई लावलंस. उद्या पोळी कुठं लावणार?"